पशुपालनातील प्रतिजैविकरोध

जनावरांना व कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना जिवाणू दाद देईनासे होणे, यास पशुपालनातील प्रतिजैविकरोध असे म्हणतात. हवामानबदलाप्रमाणेच हे शेतीपुढील गंभीर आव्हान आहे.

कारणे

उपचाराखेरीज, रोग टाळण्यासाठी व वजन लवकर वाढावे म्हणूनही प्रतिजैविके खाद्यातून अल्प मात्रेत दिली जातात. त्यामुळे दुर्बल जिवाणू मरतात. औषधाला न जुमानणारे मात्र टिकतात आणि वाढतात. मांस, पाणी व विष्ठेच्या खतावाटे ते माणसांपर्यंत पोहोचू शकतात.

कोलिस्टिनचे उदाहरण

इतर औषधे निष्फळ ठरल्यावर गंभीर रुग्णांना कोलिस्टिन दिले जाते. २०१५ मध्ये चीनमधील डुकरे, मांस व रुग्ण यांतील जिवाणूंत कोलिस्टिनला रोध करणारे ‘एमसीआर-१’ हे जनुक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते, म्हणून गोठ्यात उद्भवलेला रोध रुग्णालयातील अखेरचा उपायही निकामी करू शकतो. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेले प्राणी, कोंबड्या, मत्स्यशेती व पशुखाद्य यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

उपाय

लसीकरण, गोठ्यांची स्वच्छता आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच औषधांचा वापर हे प्रमुख उपाय होत.