काट्याला दरवर्षी शिक्का, मग डोक्याला?



दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आपण दरवर्षी तपासून वैधमापनचा शिक्का मारून घेतो. फ्रीजची सर्व्हिसिंग करतो, गाडीचं ऑइल बदलतो. पण ज्याच्यावर अख्खा धंदा चालतो, त्या डोक्याची काळजी कोण घेतं? छोट्या धंद्यात खरेदी, विक्री, उधारी, हिशोब हे सगळं एकाच जागी असतं, मालकाच्या डोक्यात. म्हणून आज मार्केटिंग बाजूला ठेवून यावर बोलूया.

दोन वर्षांपूर्वी आमच्या दुकानात बाबांकडून ऑर्डरी चुकायला लागल्या. गिऱ्हाईक फोनवर 'साठ' म्हणायचं, बाबा वहीत 'सात' लिहायचे. मग ते फोन घ्यायचंच टाळायला लागले, गिऱ्हाइकांशी गप्पाही बंद झाल्या. घरात आम्ही ठरवूनच टाकलं की वय झालं, विसरायला लागलेत. मी तर त्यांना गल्ल्यावरून उठवून घरी बसवणार होतो. डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. डोकं जागेवर होतं, ऐकायला कमी येत होतं! कानाचं मशीन लावलं आणि बाबा परत गल्ल्यावर आले. त्यांना घरी बसवलं असतं, तर मात्र मी त्यांचं खरंच नुकसान केलं असतं.

का, ते सांगतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाला, म्हणजे स्मृतिभ्रंशाला, हातभार लावणाऱ्या १४ गोष्टींची यादी दिली. त्या सुधारल्या तर जगातल्या साधारण ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येऊ शकतात, असा त्यांचा अंदाज आहे. कमी ऐकू येणं आणि एकटं पडणं, दोन्ही त्या यादीत आहेत. आणि ही यादी म्हातारपणाची नाही, ती लहानपणापासून सुरू होते.

लहानपण : पाच वर्षांचं होईपर्यंत मुलाचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचतो. यादीतली पहिली गोष्ट आहे कमी शिक्षण. सुट्टीत पोराला दुकानात जरूर बसवा, व्यवहार शिकेल. पण शाळा बुडवून नको.

विशी-तिशी : आपण सगळे इथे आहोत. पहाटे माल आणायला जाताना हेल्मेट हँडलला लटकवलेलं असतं ना? डोक्याला मार लागणं हेही यादीत आहे. तंबाखू, सिगारेट, जास्तीची दारू, तिन्ही मेंदूला महागात पडतात. आणि झोप! 'मी चारच तास झोपतो' ही बढाई नाही. झोप अपुरी झाली की लक्ष आणि निर्णय दोन्ही घसरतात, आणि मग रेट चुकतो. सात तास काढाच.

चाळिशी-पन्नाशी : बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि वजन. बीपी बहुतेक वेळा काही लक्षण दाखवत नाही, म्हणून मोजावंच लागतं. १४०/९० किंवा वर वारंवार दिसलं तर डॉक्टर गाठा. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चाला. दिवसभर काउंटरमागे उभं राहणं यात धरायचं नाही बरं का.

साठीनंतर : कान आणि डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू अंगावर काढू नका. आणि माणसांत राहा. धंदा मुलाकडे सोपवा, पण दुकानातलं आपलं स्टूल सोडू नका.

आता दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळायला लागलं तर 'थोडं पडून राहतो' म्हणायचं नाही. लगेच १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. दोन, ओळखीचा रस्ता चुकणं किंवा रोजचा हिशोब न जमणं हे 'वय झालं' म्हणून सोडू नका. कधी कधी कारण बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइड असतं, आणि त्यावर उपचार आहेत.

हे सगळं केलं म्हणजे गॅरंटी कार्ड मिळतं का? नाही. दुकानाचा विमा काढला म्हणून आग लागणारच नाही असं थोडंच आहे? तरी आपण हप्ता भरतोच ना.

या आठवड्याचा होमवर्क : बीपी मोजून घ्या आणि आकडा उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. घरातल्या एका मोठ्या माणसाचे कान तपासून आणा. आणि उधारी, सप्लायर, देणी हे सगळं डोक्यातून कागदावर उतरवा. उद्या तुम्ही आजारी पडलात तरी शटर वर गेलं पाहिजे.

पुढच्या व्हिडिओत भेटू. तोवर हेल्मेट हँडलला नाही, डोक्यावर!