काचघरातील उष्णोदक

रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे येथे उष्णोदकाची कुंडे आहेत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. सांधे धरलेल्या माणसास ऊन पाण्यात बसल्याने किती आराम पडतो, हेही अनेकांस ठाऊक आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या घरी याच सुखाचे यांत्रिक रूप आढळते. त्यास तेथे हॉट टब म्हणतात. बाहेर बर्फ पडत असता घराला जोडलेल्या काचेच्या खोलीत, म्हणजे सनरूममध्ये, तो बसवावा अशी हौस पुष्कळांस वाटते. हौस चांगली, परंतु तिच्यामागचे शास्त्र समजून घेतले पाहिजे.

या साधनाचा एक उगम पितृप्रेमात आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात आलेल्या जकूझी बंधूंचा पाण्याचे पंप बनविण्याचा व्यवसाय होता. त्यांपैकी कँडिडो यांच्या लहानग्या मुलास संधिवात जडला. रुग्णालयात मिळणारा जलोपचार घरीही मिळावा म्हणून त्यांनी न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप तयार केला आणि १९५६ मध्ये तो विक्रीस आला. पुढे १९६८ मध्ये रॉय जकूझी यांनी पंप व पाण्याचे झोत टबातच बसविले.

सनरूमचा पहिला प्रश्न भाराचा. चारशे अमेरिकन गॅलन पाणी म्हणजे सुमारे दीड टन वजन. त्यात टब आणि बसणारी माणसे निराळीच. लाकडी तुळयांवरची जमीन हा भार सोसेलच असे नाही. म्हणून खाली काँक्रीटचा भक्कम ओटा आहे की नाही, हे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

दुसरा प्रश्न वाफेचा, आणि तोच अधिक कठीण. अंगणातील टबाची वाफ आकाशात विरते. काचघरात तिला वाट नसते. ती थंड काचेवर पाणी होऊन ओघळते, लाकूड कुजविते, भिंतीस बुरशी आणते. यास उपाय दोन: टबावर घट्ट झाकण आणि हवा थेट बाहेर फेकणारा पंखा. घर व सनरूम यांमधील दारही नीट बंद होणारे हवे.

तिसरा प्रश्न प्राणाचा. कुंडात भूगर्भातून नवे पाणी येत राहते. टबात तेच पाणी पुनःपुन्हा फिरते. क्लोरीन कमी पडले की त्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढतो व तुषारांवाटे फुप्फुसांत शिरतो. २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील फ्लेचर येथील जत्रेत मांडलेल्या हॉट टबांशी संबंधित अशा साथीत सव्वाशेहून अधिक लोक आजारी पडले व चौघे दगावले. अनेकजण त्या टबांजवळून केवळ चालत गेले होते! मग बंद खोलीत किती दक्षता हवी, याचा विचार करावा. क्लोरीनचे प्रमाण दशलक्ष भागांत किमान तीन भाग राखावे आणि ते नियमित तपासावे.

पाणी १०४ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक तापवू नये. गरोदर स्त्रिया व हृदयविकार असलेले यांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय उतरू नये. लहान मुले घरात असतील तर झाकणास कुलूप असावेच.

वृद्ध आईवडिलांसाठी टब घेऊ इच्छिणाऱ्या मुलांनी आधी जमीन पाहावी, मग वाफेची वाट करावी, पाण्याची निगा कोण राखणार हे ठरवावे आणि त्यानंतरच दुकानाची पायरी चढावी. कँडिडोंनी मुलासाठी घेतले तेवढे कष्ट येथेही हवेत.