विश्लेषण : बर्फावर धावणाऱ्या गाडीचे इंजिन तापते कसे? स्नोमोबाइलला टेम्परेचर मीटर का बसवतात?

गुलमर्गच्या सहलीत ‘स्नो स्कूटर’वर फेरी मारलेले मराठी पर्यटक अनेक आहेत. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि मोटारसायकलसारखे हँडल असलेली ही गाडी म्हणजेच स्नोमोबाइल. आपल्यासाठी ती काही मिनिटांची मौज. पण कॅनडा, अमेरिकेतील उत्तरेकडची राज्ये, स्वीडन, फिनलंड येथे ती हिवाळ्यातील प्रवासाचे आणि कामाचेही साधन आहे. तेथे वस्तीपासून दूर, उणे २० अंशांत इंजिन जाम झाले तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. म्हणूनच जुन्या गाड्यांना अनेक चालक वेगळा टेम्परेचर मीटर बसवतात.

थंडीत इंजिन का तापते?

कारचा रेडिएटर वाऱ्याने थंड होतो. लिक्विड-कूल्ड स्नोमोबाइलमध्ये हे काम मुख्यतः बर्फ करतो. पट्ट्याच्या वर, सीटखाली कूलंट खेळवणारे अॅल्युमिनियमचे हीट एक्स्चेंजर असतात. पट्टा फिरताना उडालेला भुसभुशीत बर्फ त्यांच्यावर आदळतो, वितळतो आणि उष्णता घेऊन जातो. गोठलेल्या तळ्यावर किंवा दाबून टणक झालेल्या वाटेवर मात्र बर्फ उडतच नाही. मग हवा कितीही गार असली तरी इंजिनचा पारा चढतो.

लाल दिवा पुरेसा नाही का?

अनेक जुन्या गाड्यांत फक्त लाल दिवा असतो. ठरावीक मर्यादा ओलांडल्यावरच तो पेटतो. तापमान किती वेगाने वाढत होते, हे कळत नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट साधारण एक दशांश मिलिमीटर असते. अतिउष्णतेने पिस्टन फुगला की ती संपते आणि इंजिन जाम होते.

उलटा धोकाही आहे. गार इंजिनवर लगेच जोरात थ्रॉटल दिला तर पिस्टन आधी तापून प्रसरण पावतो, सिलिंडर मात्र गारच राहतो. परिणाम तोच. याला ‘कोल्ड सीझर’ म्हणतात. याची सूचना लाल दिवा कधीच देत नाही, मीटर देतो.

मीटर कसा बसवतात?

* गाडीचा प्रकार पाहा : पंख्याने थंड होणाऱ्या इंजिनमध्ये स्पार्क प्लगखाली कडीच्या आकाराचा सेन्सर बसतो. लिक्विड-कूल्ड इंजिनमध्ये कूलंटचे तापमान मोजतात. पहिल्याचे आकडे खूपच मोठे असतात, त्यामुळे दोघांची तुलना करू नका.

* सेन्सरची जागा : इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, सिलिंडर हेडमधून गरम कूलंट बाहेर नेणारा होज कापून त्यात सेन्सरचा धातूचा जोड क्लॅम्पने घट्ट बसवतात. थंड होऊन परतणाऱ्या होजवर सेन्सर लावला, तर आकडा कमी दिसतो आणि फसवतो.

* अर्थिंग : एकाच वायरचा सेन्सर असेल तर रबरी होजमुळे त्याचा इंजिनशी विद्युतसंपर्क तुटतो. जोडापासून इंजिनपर्यंत वेगळी अर्थिंगची वायर लागते.

* वीज : दोरी ओढून सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांना बॅटरीच नसते. जुन्या गाड्यांत दिव्याच्या वायरमधून एसी पुरवठा येतो, तर मीटरला बहुधा डीसी लागतो. अशा गाडीत स्वतःचा सेल असलेला छोटा डिजिटल मीटर सोयीचा. मात्र कडाक्याच्या थंडीत त्याचा एलसीडी पडदा मंदावू शकतो.

* हवा काढणे : शेवटी कूलंट भरून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडीची एक बाजू उचलून अडकलेली हवा काढतात. ही पायरी चुकली तर नवा मीटर बसवूनही इंजिन तापेल. सांडलेला कूलंट लगेच पुसा. त्यातील इथिलीन ग्लायकॉल माणसांना आणि पाळीव प्राण्यांना विषारी आहे.

आकडा खरा आहे, हे कसे ओळखायचे?

बसवण्याआधी सेन्सर मीटरला जोडून वितळत्या बर्फाच्या पाण्यात धरा; शून्याच्या जवळ आकडा दिसला पाहिजे. उकळत्या पाण्यात समुद्रसपाटीला १०० अंश. उंचीवर मात्र पाणी आधीच उकळते. सुमारे २,६५० मीटर उंचीच्या गुलमर्गला साधारण ९१ अंशांना. सेन्सर एका कंपनीचा आणि मीटर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर आकडे चुकण्याची शक्यता अधिक.

आकडा चढू लागला तर?

आधी आपल्या गाडीचा नेहमीचा आकडा लक्षात ठेवा. तो मॉडेलनुसार बदलतो. त्यापेक्षा पारा चढू लागला की वेग कमी करून भुसभुशीत बर्फाकडे वळा. टणक वाटेवर नेहमी जायचे असेल तर ‘आइस स्क्रॅचर’ लावतात. या पोलादी सळ्या बर्फ खरवडून त्याचा चुरा वर उडवतात. तरीही पारा उतरला नाही तर इंजिन बंद करा. गरम असताना कूलंटचे झाकण उघडू नका.

सर्वांत फसवी स्थिती वेगळीच आहे. चढलेला आकडा कारण नसताना एकदम खाली आला, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. होज फुटून कूलंट वाहून गेला असेल, तर सेन्सर कोरडा पडतो आणि कमी तापमान दाखवतो. आत इंजिन मात्र तापतच असते. अशा वेळी गाडी लगेच बंद करून आधी कूलंटची पातळी आणि खाली बर्फावर पडलेला रंगीत डाग पाहा.