तेरेखोलच्या काठावर इतिहासाचा तास
महाराष्ट्रातल्या आरोंदा गावाजवळच्या तेरेखोल नदीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगिजांची सत्ता होती. नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर तेरेखोल किल्ला: सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलेला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा फडकवला. नदीच्या अलीकडे असूनही किल्ला आजही गोव्यात का? सनावळ्या घोकून घेण्यापेक्षा हा एक प्रश्न वर्गात टाकणं मोलाचं. पलीकडच्या सोयरिकी पोर्तुगिजांच्या काळात कशा निभावल्या, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावं, त्यांचं सांगणं एकमेकांशी जुळत नसेल तर कागदपत्रांशी ताडून पाहावं. पुरावा तपासण्याची सवय अशीच लागते. शिक्षकहो, त्या पिढीची माणसं आता थोडीच उरली आहेत. यंदाच सुरुवात करा.