पाण्याखालच्या बोटी आणि आपली 'रामदास'

सुट्टीत तारकर्लीला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि समुद्रात उतरायचे, याचे आता आपल्या घरांतही नवल राहिलेले नाही. नागपाड्यापासून परळ-लालबागपर्यंतची मुले-मुली पाण्याखालचे फोटो घरी आणतात. सूट अंगभर असतो, डोक्यालाही टोपी घालता येते, त्यामुळे मुलींच्या पोशाखाचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटतो. अम्मी-अब्बांना काळजी असते ती मुलगा किंवा मुलगी सुखरूप वर येण्याची. नियम पाळले तर हा छंद सुरक्षित आहे. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना घाई करायची नाही, दमा, कान किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे आणि एकट्याने कधी उतरायचे नाही.

पण सुखरूप वर येण्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट मुलांना शिकवायला हवी, असे आम्हाला वाटते. ती म्हणजे पाण्याखालची अदब.

पाणबुड्या तरुणांना सर्वांत जास्त ओढ असते ती बुडालेल्या बोटींची. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर गोड्या पाण्याची प्रचंड सरोवरे आहेत. तिथल्या तळाशी पाणी बर्फासारखे थंड असते. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात, ते गोड्या पाण्यात जगत नाहीत. थंडीमुळे कुजणेही मंदावते. म्हणून दीडशे वर्षांपूर्वी बुडालेली शिडाची जहाजे तिथे आजही डोलकाठीसह उभी दिसतात. आत पाणी शिरू न देणारा खास सूट घालून लोक ती पाहायला उतरतात. हौशी पाणबुड्यांसाठी खोलीची मर्यादा 40 मीटर. बोटीच्या आत शिरायचे असेल तर वेगळे शिक्षण घ्यावे लागते, कारण डोक्यावर छत असले की सरळ वर येता येत नाही.

याच सरोवरांपैकी सुपीरियर सरोवरात 10 नोव्हेंबर 1975 रोजी 'एडमंड फिट्झगेराल्ड' नावाचे मालवाहू जहाज वादळात बुडाले. 29 खलाशी गेले, एकाचाही मृतदेह हाती आला नाही. जहाज सुमारे 160 मीटर खोल आहे. पुढे काही मोहिमा तिथवर पोहोचल्या, तेव्हा नातेवाइकांनी सांगितले, ही आमच्या माणसांची कब्र आहे. त्यांच्या इच्छेनुसार 1995 मध्ये जहाजाची घंटा वर आणली गेली आणि तिच्या जागी 29 नावे कोरलेली नवी घंटा खाली ठेवली गेली. वर आणलेली घंटा किनाऱ्यावरच्या संग्रहालयात आहे. आता सरकारी परवान्याशिवाय त्या जहाजाजवळ उतरता येत नाही. कब्रस्तानात आपण चप्पल कुठे काढावी, आवाज किती ठेवावा याचे भान राखतो. तसेच हे.

हे वाचताना मुंबईकराला आपली बोट आठवल्याशिवाय राहत नाही.

17 जुलै 1947, गुरुवार. सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दुसरीकडे गटारीची लगबग होती, आपल्याकडे रमजानचा चांद दोन-तीन दिवसांवर आला होता. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. बोटीवर मोठ्या संख्येने गिरगाव आणि परळची माणसे होती. कोकणातून आलेली, चाळीत राहणारी आणि गावाकडे निघालेली. पाऊस आणि वारा वाढला, काशाच्या खडकाजवळ लाटांचे पाणी आत आले. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, बोट कलली आणि काही मिनिटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले. तोवर मदतीला धावले ते कोळी बांधव आणि त्यांच्या होड्या. यानंतरच बोटींवर संदेशयंत्रणा सक्तीची झाली आणि पावसाळ्यात प्रवासी वाहतूक बंद ठेवण्याचा नियम आला. आज पावसाळ्यात लाँच बंद असल्याची पाटी पाहून आपण वैतागतो. त्या पाटीमागे ही माणसे आहेत.

'रामदास'ला भेटायला मात्र कुणी पाणबुड्या उतरू शकत नाही. मुंबईचे बंदर म्हणजे खाड्यांचा गाळ, भरती-ओहोटीचा जोर आणि गढूळ पाणी. खाली हात लांब केला तर हातही दिसायचा नाही. कोमट खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते आणि गाळ सगळे पोटात घेतो. थंड सरोवराने जे जपून ठेवले, ते आमच्या समुद्राने ठेवले नाही. वर आणायला घंटाही नाही.

ज्यांना बुडालेले जहाज पाहायचेच आहे, त्यांच्यासाठी सिंधुदुर्गात वेगळा मार्ग काढला जात आहे. जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली नौदलाची 'गुलदार' ही युद्धनौका निवतीच्या समुद्रात तळाशी ठेवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना आहे. अशी नौका आधी साफ केली जाते, तिच्यात कुणी गेलेले नसते. तिथे मुलांनी खुशाल जावे, मासे पाहावेत, फोटो काढावेत. ज्या बोटीत माणसे गेली, तिथे गेल्यावर मात्र एक कपबशीही उचलू नये. मनात दुआ करावी आणि परत यावे.

'रामदास'चे काम मात्र जमिनीवर राहून करायचे आहे आणि त्याला वेळ फार थोडा आहे. तेव्हा दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. गिरगाव-परळच्या चाळी पडून टॉवर होत आहेत. एका जिन्यावर राहणारी कुटुंबे विरार, मुंब्रा, पनवेलला पांगली आहेत. चाळीबरोबर तिथल्या गोष्टीही जातात. पाण्याखाली शंभर वर्षे राहिलेल्या वस्तूंना वारसा मानावे, असा युनेस्कोचा 2001 चा करार आहे. 'रामदास'ला ती शंभर वर्षे 2047 मध्ये पूर्ण होतील. तोवर सांगणारे कुणी उरणार नाही.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, शेजारात किंवा गावी त्या बोटीत गेलेले वा त्यातून वाचलेले कुणी असेल, तर घरातल्या मोठ्यांजवळ बसा. नाव, वय, गाव, मुंबईतली चाळ आणि ते त्या दिवशी कशासाठी निघाले होते, एवढे वहीत लिहून घ्या. मोबाइलवर आवाज भरून घेतला तर अधिक चांगले. हिंदू शेजाऱ्यांनाही विचारा, कारण त्या बोटीवर हिंदू होते, मुसलमान होते आणि पाण्याने निवड केली नव्हती. बुडून मरण पावणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे, असे हदीसमध्ये आले आहे. त्या शहिदांपैकी अनेकांना ना कफन मिळाले ना कब्र. निदान त्यांचे नाव एखाद्या वहीत असावे, म्हणजे त्यांच्या मगफिरतीची दुआ नाव घेऊन करता येईल.