दारोदारच्या सुरांचे सख्खे भाऊ

कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या व्यापारी पेठेत मंगळवारी-शुक्रवारी, दुकानांची शटरं वर जात असताना, कधी कधी एक आवाज कानावर येतो. त्याला ‘टुंग’ म्हणावं, तर तो तिथं थांबत नाही. वर चढतो, वळतो, हेलकावा घेऊन खाली येतो. डोक्यावर देवीचा जग, हातात परडी, कपाळभर भंडारा, अशी यल्लमाची जोगतीण जोगवा मागत आलेली असते आणि तिच्या साथीला चौंडकं असतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला एसटीच्या गाड्या भरभरून यल्लमाच्या सौंदत्तीला जाणाऱ्या कोल्हापूरकराला हा आवाज जन्मापासून ओळखीचा असतो. ओळखीचा असतो म्हणूनच आपण चौंडक्याकडं कधी नीट पाहत नाही.

एकदा जवळून पाहा. एक पोकळ नळकांडं, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेलं कातडं. कातड्याच्या मधोमध एकच तार अडकवलेली आणि तिचं दुसरं टोक एका लहानशा मुठीला बांधलेलं. नळकांडं काखेत दाबायचं, डाव्या हातानं मूठ ओढायची, उजव्या हातातल्या काडीनं तार छेडायची. संपलं! ना पडदे, ना खुंट्या, ना सुराची खूण. मूठ ओढली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो.

आता त्यातलं गणित बघा. तारेची लांबी तीच ठेवली, तर तिची कंपनं ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे एका ‘सा’वरून वरच्या ‘सा’वर जायला ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात अर्धं पान घेणारा हा हिशेब चौंडकंवाला चालता चालता मनगटानं करतो, तेही ठेका न चुकवता. शिवाय तार कातड्यालाच बांधलेली, त्यामुळं ती थरथरली की कातडंही थरथरतं. एकाच वाद्यातून ताल आणि सूर दोन्ही निघतात. इतक्या कमी सामानात एवढं साधणारी वाद्यं जगात फार नसतील.

पण तार आणि कातडं यांची अशीच जोडी जपानच्या होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरीकडच्या त्सुगारू भागातही आहे. तिथलं शामिसेन तीन तारांचं, लांब दांडीचं. त्याच्या चौकोनी पेटीवर कातडं मढवलेलं असतं. वादक हातातला रुंद ‘बाची’ तारेवर असा हाणतो की तो खालच्या कातड्यावरही आदळतो. म्हणजे इथंही एकाच फटक्यात सूर आणि ताल. त्याच्या जाड तारेला एक मुद्दाम राखलेली झणझण असते. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना ती लगेच ओळखू येईल.

मी थक्क झालो ते पुढची गोष्ट कळल्यावर. हे त्सुगारू शामिसेन वाजवत कोण? ‘बोसामा’ म्हणवले जाणारे अंध भटके वादक. ते घरोघरी दारात उभे राहून वाजवायचे आणि मिळेल ते धान्य घ्यायचे. लहानपणीच दृष्टी गेलेले ताकाहाशी चिकुझान (1910–1998) असेच दारोदार फिरले आणि पुढं तेच वाद्य घेऊन मोठ्या रंगमंचावर पोचले. एकमेकांना कधी न पाहिलेल्या दोन मुलखांत, समाजानं ज्यांना कडेला ठेवलं त्यांनीच असं वाद्य सांभाळलं.

दोन्हीकडं ते नव्या पिढीच्या कानाशी नेलं सख्ख्या भावांनी. होक्काइदोमधल्या नोबोरिबेत्सुचे र्‍योइचिरो आणि केनिची योशिदा पाचव्या वर्षापासून शामिसेन शिकले. 1999 मध्ये ‘इबुकी’ हा त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा धाकटा अजून विशीतही पोचला नव्हता. अंगात पारंपरिक पोशाख, केस रंगवलेले आणि वाजवणं रॉकच्या आवेशाचं. लोकवाद्याच्या या अल्बमच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या.

आपल्याकडचे भाऊ म्हणजे संगीतकार अजय-अतुल गोगावले. वडील महसूल खात्यात, घरात गाण्याचा वारसा नाही, बालपण पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा गावांत गेलेलं. रीतसर तालीम नसताना ही दोन पोरं जत्रेतला ढोल जितक्या जीव लावून ऐकत होती, तितक्याच जीव लावून इलयराजांची व्हायोलिनं ऐकत होती. त्यांच्या संगीतात ही दोन्ही ऐकणी आजही शेजारी नांदतात.

त्यांच्या कामात कोल्हापूर पुन्हा पुन्हा येतं. ‘जोगवा’ या चित्रपटाची कथा चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा आणि आपल्याच जिल्ह्यातल्या राजन गवसांच्या ‘चौंडकं’, ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर उभी आहे. त्या चित्रपटासाठी 2008 चा संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या भावांना मिळाला. हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही ‘जोगवा’तल्या गाण्यासाठी गायनाचे पुरस्कार मिळाले. पाठोपाठ 2010 च्या पहिल्याच दिवशी ‘नटरंग’ आला. त्याची मूळ कादंबरी कागलच्या आनंद यादवांची आणि नायकाचं नावच गुणा कागलकर. पुढं ‘सैराट’ (2016) या चित्रपटासाठी ते थेट लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले आणि तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाकडून त्यांनी करमाळ्याच्या मातीतल्या प्रेमाचं संगीत वाजवून घेतलं. त्याच चित्रपटात वरातीच्या ठेक्याचं ‘झिंगाट’ही आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वाद्यवृंद आला म्हणून वरातीला त्यांनी दाराबाहेर उभं केलं नाही.

चौंडक्याच्या सुरांमागचं दुःख मात्र विसरून चालणार नाही. जोगतिणी घडवणाऱ्या, मुली देवाला सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकानं 1982 मध्ये बंदी घातली, महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा 2005 चा. एखाद्या बाईचं आयुष्य देवीच्या नावावर खर्ची पडलं पाहिजे, अशी चौंडक्याची काही गरज नाही. ते कुणालाही शिकता येतं. संगीताच्या शाळेत पेटी-तबल्याशेजारी ते दिसावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर एक करा. ‘जोगवा’तलं ‘लल्लाटी भंडार’ आणि योशिदा बंधूंचं ‘कोदो’ पाठोपाठ लावा, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर नको, चांगल्या मोठ्या स्पीकरवर लावा. पहिल्या खेपेला नुसतं ऐका. दुसऱ्या खेपेला सूर सोडून द्या आणि कातड्यावर फटका कुठं कुठं पडतोय तेवढंच शोधा.