गर्भाशयाचा कर्करोग पुन्हा उद्भवला आहे काय? सुईच्या तपासणीविषयी



गर्भपिशवी काढली म्हणजे त्या जागेची चिंता कायमची मिटली, ही समजूत परिचारिका म्हणून मी मुंबईत ऐकली आणि येथे इस्रायलमध्येही ऐकते. त्यामुळे पुन्हा रक्त दिसले तरी आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया संकोचाने ते लपवितात. वास्तविक हा कर्करोग पुन्हा उद्भवलाच, तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उद्भवतो. तो केवळ योनिमार्गाच्या वरच्या टोकाशी असेल आणि पूर्वी किरणोपचार झाले नसतील, तर पुष्कळदा बराही होतो. म्हणून रक्तस्राव, ओटीपोटात वा कमरेत न थांबणारे दुखणे, एका पायावर सूज, यांपैकी काहीही दिसताच डॉक्टरांना सांगावे.

वरवरच्या गाठीचा तुकडा चिमट्याने घेता येतो. गाठ खोल ओटीपोटात किंवा लसिकाग्रंथीत असेल, तर बारीक सुईने पेशी शोषून घेतात. ही सुई रक्त काढण्याच्या सुईहूनही बारीक असते. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर पाहत ती गाठीपर्यंत नेतात. निघालेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्वीडनमधील सिक्स्टन फ्रांझेन यांनी १९६० च्या सुमारास प्रॉस्टेट ग्रंथीसाठी सुईला वाट दाखविणारे साधन वापरात आणले. पुढे योनिमार्गातून ओटीपोटातील गाठी तपासण्यासही ते उपयोगी पडले.

अहवाल समजून घ्यावा. कर्करोगाच्या पेशी स्पष्ट आढळल्या, तर निदानाला भक्कम आधार मिळतो. त्या आढळल्या नाहीत, म्हणजे रोग नाहीच, असे मात्र नव्हे. सुईचा नेम चुकू शकतो. किरणोपचारानंतर ऊती कठीण होतात, पेशी थोड्या मिळतात आणि निरोगी पेशींचेही रूप पालटते. अशा वेळी जाड सुईने तुकडा घ्यावा लागतो. पहिल्या शस्त्रक्रियेच्या काचपट्ट्यांशी तुलना केल्यास हा तोच रोग की नवा, हे ठरविणे सोपे जाते. शस्त्रक्रिया भारतात झाली असेल, तर जुना अहवाल, काचपट्ट्या किंवा मेणाचे ठोकळे मागवून घ्यावेत.

सुई टोचल्याने रोग पसरतो, ही भीती अनेकांना वाटते. तसे घडणे अत्यंत विरळा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. ती स्वतःहून बंद करू नये.

आईला, मावशीला, सासूबाईंना आपणच आपुलकीने विचारावे. तपासणीला जाताना हिब्रू आणि मराठी दोन्ही जाणणारे घरचे माणूस बरोबर असावे.

आजारी असलेल्या सर्वांना रफूआ शलेमा.